आईला माइकची आवड नव्हती

आत्याच्या घरात निवांत फोनवर बोलता येईल अशी एकच जागा होती, न्हाणीघर. तिथं पालथ्या बादलीवर बसून, रविवारच्या भर दुपारी, थोरली एका गाजलेल्या नटाला माफी मागायला शिकवत होती.

"'जर' काढ आधी," ती म्हणाली.

"पण मॅडम, 'जर कुणाचं मन दुखावलं असेल तर' असंच म्हणतात ना सगळे?"

"म्हणूनच सगळे शिव्या खातात. तू तिच्या अंगावर पावडरचा डबा फेकलास. अख्ख्या जगानं बघितलंय ते. त्यात 'जर' कुठून आला?"

"फेकला नाही मॅडम, हातातून सुटला."

"सुटून खोलीच्या त्या टोकाला गेला? हे बघ, तीन गोष्टी. काय केलं, कुणाला केलं, आता काय करणार. बाकी एक अक्षर नको. आणि डोळे पुसू नकोस, ते तुला जमत नाही."

"मॅडम, मी नट आहे."

"म्हणूनच सांगतेय."

हिरो (थोरलीच्या ऑफिसात त्याला सगळे हिरोच म्हणत, कौतुकानं नव्हे) गेली कित्येक वर्षं एका मालिकेत जगातला सर्वात गुणी मुलगा होता. शुक्रवारी त्यानं सेटवर आपल्या मेकअपबाईंवर डबा भिरकावला आणि कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. असल्या वेळी लोकांना गप्प करणं, हसवणं, विसरायला लावणं हाच थोरलीचा धंदा. काल संध्याकाळीच तिनं निवेदन काढलं होतं, की ती आपसातली थट्टा होती आणि मेकअपबाईंच्या मनात कसलाही राग नाही. मेकअपबाईंचा फोन लागत नव्हता. तेव्हा त्यांना न विचारताच तिनं तसं लिहून टाकलं. फोटोत मागे उभी असलेली माणसं सहसा पुढे येऊन नाही म्हणत नाहीत, हा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

दारावर थाप पडली. "ताई, आत झोपलीस का? टेम्पो चारला येतोय. बाहेर ये आणि काहीतरी कर!"

काहीतरी कर! थोरलीला हे दोन शब्द ऐकले की हल्ली अंगावर काटा यायचा. हिरो म्हणत होता काहीतरी करा, चॅनेलवाले म्हणत होते काहीतरी द्या, आणि आता हा धाकटा, जो लोकांच्या दाढा उपटतो पण स्वतःच्या बापाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की ज्याला घाम फुटतो.

ती बाहेर आली. हॉलमध्ये भिंतीला लावून आईचं सामान ठेवलं होतं. दोन बॅगा, गुंडाळलेली गादी, टेबलावरचा दिवा, आत्यानं देऊन टाकलेली वेताची खुर्ची. आई जमिनीवर बसून काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती, अगदी शांतपणे. बहात्तराव्या वर्षी ती घर सोडून निघाली होती. रुसून नणंदेकडे येणं एक वेळ समजता आलं असतं, तसे आठ दिवस झालेच होते. पण तिनं तीन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या नावावर खोली घेतली होती. आज ती तिथं राहायला गेली की परत यायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. आईनं आजवर ठरवून अर्धवट सोडलेली गोष्ट एकच होती आणि सगळं रामायण तिच्यावरूनच झालं होतं.

अप्पा रेडिओवरचे जुने वृत्तनिवेदक. केंद्राच्या वर्धापनदिनाला त्यांची मुलाखत झाली. आईही एके काळी तिथंच निवेदिका होती, तेव्हा तिनं रेडिओ का सोडला, असा प्रश्न त्यात होता. अप्पा आपल्या त्या खर्जातल्या आवाजात म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींना माइकची तशी आवड नव्हती. त्यांना घरच प्रिय." आईनं ते स्वयंपाकघरात ऐकलं. गॅस बंद केला, बॅग भरली आणि थेट नवऱ्याच्या बहिणीचं दार वाजवलं.

प्रश्न आधीच आले होते. उत्तरं थोरलीनं लिहून दिली होती, दोन मीटिंगांच्या मधे, गाडीत बसून. ते वाक्य तिचं होतं. लिहिताना ती स्वतःवर खूशही झाली होती, कारण आटोपशीर होतं आणि त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारणार नव्हतं. ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, तिला आणि अप्पांना. आठ दिवस सगळ्यांनी अप्पांना फैलावर घेतलं आणि अप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. थोरलीनं काय केलं? थोरली कामात होती.

"ताई, सरक जरा." गादीच्या गुंडाळीमागून आवाज आला. गादी बाजूला झाली तर मागे वकील.

वकील म्हणजे थोरलीचा दोन वर्षांपूर्वीचा नवरा. घटस्फोट झाला तरी दोघांच्या फोनचं बिल अजून एकत्रच यायचं, कारण ते वेगळं करायला दोघांनाही सवड नव्हती. त्यातून तो हिरोच्या कंपनीचाही वकील. म्हणजे ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही, त्याला दिवसातून दहा वेळा फोन करावा लागायचा.

"ताई कुणाला म्हणतोस? आणि तू इथं काय करतोयस?"

"तुझ्या भावाचं ऐकून तोंडातून गेलं. आईंनी बोलावलं. खोलीचा करार मीच बघून दिला."

"तू? माझ्या आईला घर सोडायला तू मदत केलीस?"

"जरा बाहेर ये," वकील म्हणाला आणि तिला गॅलरीत घेऊन गेला. आत्याचे टॉवेल वाळत होते, त्यांच्यामधे दोघं उभी राहिली. "त्यांना जाऊ दे. तू ह्यात हात घालू नकोस."

"माझी आई आहे ती."

"म्हणूनच म्हणतो. तू निस्तरायला लागलीस की समोरच्याला वाटतं, आपण म्हणजे फरशीवर सांडलेलं काहीतरी आहोत. मला विचार ना. आपण वेगळं होतोय हे मला तुझ्या मसुद्यातून कळलं. 'परस्परांच्या संमतीनं.' मी संमती दिली नव्हती, अगं, मी अंघोळीला गेलो होतो."

"तू सही केलीस."

"मसुदा चांगला होता," वकील म्हणाला आणि गादी उचलायला आत गेला.

थोरलीला इतका संताप आला की तिनं एक टॉवेल उगाचच झटकून पुन्हा वाळत घातला. आत आली तर आत्या वाटच बघत होती. आत्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि अजूनही होती, शाळा तेवढी सुटली होती. आठ दिवस तिनं वहिनीची बाजू घेऊन सख्ख्या भावाला दारात उभं केलं नव्हतं. पण वहिनीनं परवा वेगळी खोली घेतल्याचं सांगितलं आणि आत्याचा पारा चढला.

"माझ्याकडे काय कमी होतं हिला?" आत्या आई ऐकेल इतपत हळू म्हणाली. "स्वतंत्र खोली दिली, खिडकीजवळचा पलंग दिला. दादा चुकला, कबूल. पण माफी मागितली तर विषय संपवावा की नाही माणसानं?"

"मागितली का त्यांनी?"

"तेच तर! बोलायलाच तयार नाही. तू चार ओळी लिही. तो वाचेल."

"हो ताई," धाकटा लगेच म्हणाला. "तुझं तर रोजचंच आहे. त्या हिरोचं लिहितेस तसं अप्पांचं लिही."

आई पेला गुंडाळत होती. तिनं वर बघितलं नाही.

थोरली अप्पांसमोर जाऊन बसली. आत्यानं आजच त्यांना घरात घेतलं होतं आणि ते कोपऱ्यात ताठ पाठीच्या खुर्चीवर बसले होते. शर्टाला कडक इस्त्री, पण सर्वात वरचं बटण चुकीच्या काजात घातलेलं. आठ दिवसांत ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

"अप्पा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगितलं का नाहीत? ते वाक्य माझं होतं म्हणून?"

"वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं नसतं," अप्पा म्हणाले. "आमच्याकडे तसंच होतं. एकदा वाचलं की चूक वाचणाऱ्याची."

"पण घर म्हणजे काय रेडिओ आहे का, अप्पा?"

अप्पांनी खिशातून चष्मा काढला आणि हात पुढे केला. "दे. काय लिहिणार आहेस ते."

त्या क्षणी तिनं उठून आईला खरं सांगायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण बोटांना सवय झालेली असते. तिनं फोनवर सात-आठ ओळी झरझर लिहिल्या, 'जर' कुठंही येऊ दिला नाही, आणि फोन बापाच्या हातात ठेवला. स्वतःची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती, पण फोन मात्र दिला.

अप्पा उठले. त्यांनी घसा साफ केला. आईपासून चार पावलांवर उभे राहिले आणि वाचू लागले.

"गेल्या आठवड्यात मी तुझ्याविषयी जे बोललो, ते खरं नव्हतं. तुला काय आवडतं आणि काय नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता."

काय तो आवाज! एके काळी ह्या आवाजासाठी लोक हातातलं काम ठेवून रेडिओजवळ यायचे. धाकट्याचे डोळे भरून आले. आत्यानं पदर तोंडाला लावला. वकीलसुद्धा गादी धरून थांबला.

"इतकी वर्षं तू जे सोसलंस, त्याची मी कधी दखल घेतली नाही," अप्पा वाचत होते. "त्याची पूर्ण जबाबदारी माझी आहे. मॅडम, ती बाई चॅनेलवर जाऊन बसलीय, तिला कायतरी देऊन गप्प करा. माझी वाट लागेल."

हिरोचा मेसेज स्क्रीनवर उतरला होता आणि अप्पांनी तोही वाचला होता, त्याच संथ लयीत, त्याच गांभीर्यानं. बातमीपत्र चालू असताना मधेच कुणी चिठ्ठी सरकवली तर ती न अडखळता वाचायची, ही उभ्या आयुष्याची सवय. वाचून झाल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी खटकलं आणि ते चष्म्यावरून थोरलीकडे बघू लागले.

आत्या आधी फिसकन हसली, मग वकील, मग धाकटा जमिनीवर बसूनच हसायला लागला. हसली नाही ती फक्त आई.

"थांबलात का?" ती म्हणाली. "पुढचं वाचा."

"एवढंच आहे," अप्पा म्हणाले.

"छान वाचलंत. लिहिलंयही छान." आईनं थोरलीकडे बघितलं. "किती वेळ लागला?"

तेवढ्यात धाकट्याला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, ती बाई कोण ते बघायला त्यानं टीव्ही लावला. पडद्यावर मेकअपबाई. साठीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले, भुवईवर चिकटपट्टी. समोरचा निवेदक त्यांना रडवायचा आटोकाट प्रयत्न करत होता आणि बाई काही रडत नव्हत्या.

"लागलं त्याचं एवढं नाही हो," त्या म्हणत होत्या. "ह्या धंद्यात लोक चिडतात. पण काल बातमीत सांगितलं की माझ्या मनात राग नाही. मला ते बातमीतूनच कळलं. मला कुणी विचारलंच नाही."

आईचा हात पेल्यावर थांबला. ती टीव्हीकडे बघत होती, आणि थोरली तिच्या चेहऱ्याकडे.

"बंद कर ते," थोरली म्हणाली. धाकट्यानं बंद केला. "आई, ते कालचं निवेदन मी लिहिलं होतं."

"बरं."

"आणि अप्पांच्या मुलाखतीतलं वाक्यही मीच लिहिलं होतं. माइकची आवड नव्हती, ते. अप्पांनी नुसतं वाचलं."

आत्याच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. धाकटा बहिणीकडे नवीन माणूस बघावा तसा बघू लागला. आठ दिवस आपण अप्पांना काय काय सुनावलं होतं ते त्याला एकेक आठवत असावं.

आई मात्र दचकली नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"अगं, ह्यांच्यासमोर माझं आयुष्य गेलं. स्वतःचं बोलायचं असलं की हे अडखळतात. त्या दिवशी एकदाही अडखळले नाहीत, तेव्हाच कळलं की कागद आहे. आणि घरात कागद लिहिणारी तू एकटी. त्या वाक्याआधी ह्यांनी श्वास घेतला. न पटलेलं वाचायचं असलं की ह्यांना आधी श्वास लागतो. केंद्रावर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं ते."

"मग तू माझ्यावर चिडायला हवं होतंस. अप्पांवर कशाला?"

"तुला ठाऊक नव्हतं म्हणून. तू चार वर्षांची होतीस. दम लागायचा तुला, जीव घाबराघुबरा व्हायचा. कुणीतरी एकानं घरी राहायला हवं होतं, मी राहिले. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. त्याचा राग येतो, नाही असं नाही. पण तेवढ्यासाठी कुणी घर सोडत नाही." आईनं अप्पांकडे बोट केलं. "ह्यांना ठाऊक होतं. ह्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी ह्यांनी वाचलं."

अप्पांनी फोन थोरलीला परत दिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आणि तुझी वाट बघत होते मी," आई थोरलीला म्हणाली. "म्हटलं येईल, सांगेल. आज आलीस ती न्हाणीघरात जाऊन बसलीस. बाहेर आलीस ती ह्यांची माफी लिहायला."

थोरलीला रडू येत होतं आणि स्वतःचा मनस्वी राग येत होता. "आई, सॉरी. म्हणजे... मला ते वाक्य बरं वाटलं. बरं म्हणजे, बसलं ते तिथं. तू ऐकशील, तुला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू तिथं नव्हतीसच माझ्यासाठी, आणि मी..." काय केलं, कुणाला केलं. तिसरी गोष्ट तिला सुचेना. आता काय करणार?

आईनं तिला पाण्याचा पेला दिला. गुंडाळलेला परत उलगडून दिला.

"तुला आवड होती," अप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. अप्पांच्या हातात फोन नव्हता, चष्मा कपाळावर होता.

"होती. तुला... संध्याकाळच्या बातम्यांसाठी दोघांची चाचणी घेतली होती. साहेब म्हणाले, हिला घ्या. मला नाही, हिला. मग पोरगी आजारी... तू सोडलंस. आणि मला..." त्यांना पुढचा शब्द मिळेना. ज्या माणसाला भल्याभल्या बातम्यांनी कधी गडबडवलं नव्हतं, तो आत्याच्या हॉलमध्ये एकेका शब्दासाठी चाचपडत होता. "मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं. पण सुटलो असं वाटलं. तू माझ्यापेक्षा चांगली होतीस."



"हे तिथं का नाही बोललात?" आईनं विचारलं.

"कागदावर नव्हतं," अप्पा म्हणाले.

विनोद करायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. आईनं शेवटचा पेला गुंडाळला. मग खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"चला," ती उठत म्हणाली. "तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. वकीलसाहेब, गादी. दाताच्या डॉक्टरांनी बॅगा घ्याव्यात. तुम्ही ती खुर्ची घ्या." शेवटचं अप्पांना.

"वहिनी, म्हणजे तू जाणारच?" आत्या म्हणाली. "एवढं सगळं होऊनही?"

"जाणारच. मला एकटीनं राहून बघायचंय, आयुष्यात एकदा. आणि खुर्ची तुझी आहे म्हणून नेतेय. तू आलीस की बसायला नको का?"

आत्याचा रुसवा तेवढ्यावर निम्मा उतरला. उरलेला तिनं अभिमानानं राखून ठेवला.

थोरलीनं दिवा उचलला. जिना उतरता उतरता फोन वाजला.

"मॅडम, कॅमेरा तयार आहे. काय बोलू?"

"काही बोलू नकोस. त्यांच्या घरी जा. त्यांना विचार, त्यांना काय वाटलं. मग त्या बोलतील ते ऐक."

"आणि व्हिडिओ?"

"व्हिडिओ नाही."

"मॅडम, माझी वाट लागेल!"

"कदाचित लागेल," थोरली म्हणाली आणि फोन बंद केला.

"हे काय करून ठेवलंस?" गादीखालून वकील ओरडला. "उद्या मला सगळे धारेवर धरतील!"

"तू पायऱ्यांकडे बघ," ती म्हणाली.

नव्या इमारतीचा जिना अरुंद आणि चढणीचा होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अप्पा थांबले. खुर्ची भिंतीला टेकवली आणि तिच्यावरच बसले. त्यांना धाप लागली होती. आई चार पायऱ्या वर होती, ती खाली उतरून आली.

"सकाळची गोळी घेतलीत?"

अप्पांनी नजर खिडकीकडे वळवली.

"आठ दिवसांत एकदा तरी घेतलीत?"

अप्पांनी नुसती नकारार्थी मान हलवली. आईनं हातातली पर्स उघडली आणि आतून त्यांची गोळ्यांची बाटली काढली. म्हणजे घरातून निघताना, त्या तसल्या रागात, बाईसाहेबांनी ती सवयीनं पर्समध्ये टाकली होती आणि विसरूनही गेल्या होत्या, आणि नवरा आठ दिवस गोळ्यांवाचून होता. तिचा चेहरा पडला. मग तिनं बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली, मान किंचित तिरकी केली आणि वाचू लागली.

"दिवसातून एकदा. जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यावी. गोळी चावू नये. थंड आणि कोरड्या जागी ठेवावी."

आवाज मोठा नव्हता. पण खालपासून वरपर्यंत जिना भरून गेला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, घाई नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की हे फक्त मलाच सांगितलं जातंय. धाकटा बॅगा घेऊन जिथल्या तिथं थांबला. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी दार उघडून खाली वाकून बघितलं.

थोरली दिवा छातीशी धरून खालच्या पायरीवर उभी होती. लहानपणी दम लागला की आई तिला मांडीवर घेऊन औषधाची बाटली अशीच वाचून दाखवायची, वरपासून खालपर्यंत, आणि ऐकता ऐकता तिचा श्वास सावकाश व्हायचा. तिला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं वाचतात.

अप्पांनी डोळे मिटले होते. आई थांबली तसे त्यांनी ते उघडले.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "पुढचं वाच."

आईनं बाटली फिरवली आणि पुढचं वाचलं.